बोट पाण्यात उतरेपर्यंत

रविवार, १७ ऑगस्ट २०२५, संध्याकाळ

पोळा पाच दिवसांवर आला होता. नांदेडच्या बाजारात झुली, गोंडे, घुंगरमाळा लटकलेल्या. रानात सोयाबीन शेंगेवर यायला लागलेलं. मुखेड तालुक्यात लेंडीकाठची गावं अशीच सणाच्या तयारीत असणार. लेंडी हा महाराष्ट्र आणि तेलंगणाचा मिळून आंतरराज्य प्रकल्प. धरण उभं राहिलं, पण बुडिताखालच्या गावांचं पुनर्वसन वर्षानुवर्षं रखडत गेलं. रावणगाव, हसनाळ, भासवाडी, भिंगेली इथली माणसं जुन्याच भिंतींच्या आधाराने राहत होती.

आमच्या पाच-सहा मित्रांची एक रबरी बोट आहे. चार मीटरची, सोबत पंचवीस हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. गोदावरीच्या काठावर वाढलेली पोरं आम्ही, पोहता येतं, म्हणून वर्गणी काढून जुनी बोट घेतली. ती नांदेडमध्ये एका शेडमध्ये गुंडाळून ठेवलेली असते.

सोमवारी, १८ ऑगस्टच्या पहाटे, लेंडीकाठच्या गावांत पूर शिरला. मला फोन आला नाही. मी घरी झोपलेलो होतो. दुसऱ्या दिवशी बातमी वाचली तेव्हापासून एकच हिशेब डोक्यात बसलाय. पहाटे तीनला फोन आला असता, तर आमची बोट हसनाळच्या पाण्यात किती वाजता उतरली असती? खाली घड्याळाच्या ज्या वेळा लिहिल्यात त्या या हिशेबाच्या आहेत, त्या रात्री धावलेल्या कुठल्याही पथकाच्या नव्हेत. पावसाचं आणि गावांचं जे लिहिलंय ते मात्र घडलेलं आहे.

मध्यरात्र

लेंडीच्या पाणलोटात त्या दिवसा-रात्रीत सुमारे २०६ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा नुसता वाचून कळत नाही. एका हेक्टरवर २०६ मिलिमीटर म्हणजे वीस लाख साठ हजार लिटर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली होती, दहा वाघिणींची. तिच्यात साधारण पाच लाख लिटर पाणी होतं आणि ते बघायला लोक स्टेशनवर जमले होते. म्हणजे त्या रात्री एकेका हेक्टरवर अशा चार-चार रेल्वेगाड्या रित्या झाल्या. शंभर हेक्टरच्या शिवारात चारशे. आणि पाणी एवढंच नव्हतं. लातूर-उदगीरकडून येत होतं, कर्नाटकातून येत होतं.

आम्ही दुष्काळी म्हणून ओळखले जाणारे लोक. टँकर कुठून भरायचा, बोअर किती फूट घ्यायचा, हे आमच्याकडे पोरासोरांना पाठ असतं. बोट कुठे ठेवलेली असते हे मात्र गावात दहा जणांना विचारलं तर एकालाही सांगता येणार नाही.

पहाटे ३:००

फोन वाजतो. पलीकडून एकच वाक्य येतं, "पाणी चढायलंय दादा, बोट घेऊन या." कुठलं गाव, पाणी वाहतं आहे की साचलेलं, किती माणसं, घरं मातीची की स्लॅबची, हे विचारेपर्यंत रेंज जाते. पावसात टॉवरची बॅटरी संपली की फोन लागत नाही.

मी चौघांना उठवायला लागतो. दोघे उचलतात.

याच अंधारात कधीतरी लेंडीकाठच्या गावांत पाणी घरात शिरलं. झोपेतल्या माणसाला आधी पाणी दिसत नाही, ते अंथरुणाला लागतं.

३:२५

शेडचं कुलूप. किल्ली एकाकडे असते, तो वेगळ्या गल्लीत राहतो. इथे पंचवीस मिनिटं गेली, आणि अजून बोटीला हातही लागलेला नाही.

३:५०

आता चढवायचं काम. हे मला सावकाश सांगू द्या, कारण सगळी गडबड इथेच होते.

गुंडाळलेली बोट ऐंशी किलोच्या आसपास भरते. तळाच्या फळ्या वेगळ्या. मशीन पन्नास किलो. मागची आडवी फळी, जिच्यावर मशीन बसतं, ती दुमडत नाही, म्हणून गुंडाळी नेहमी एका बाजूला जड होते आणि उचलताना हातातून सुटते. पिकअपच्या हौद्यात आधी बोट, मग फळ्या, मग मशीन, असं सगळ्यांना वाटतं. चुकीचं आहे. मशीनला आधी जागा करायची. त्याचं डोकं, म्हणजे इंजिनाची बाजू, पंख्यापेक्षा वरच राहिली पाहिजे. कारण मशीन नदीचंच पाणी ओढून थंड होतं आणि बंद केल्यावरही थोडं पाणी आतल्या नळीत उरतं. डोकं खाली गेलं की ते पाणी उलटं वाहत सिलिंडरमध्ये शिरतं.

आम्ही हे पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका गावात बोलावणं आलं होतं. घाईत मशीनचा पाय बोटीच्या गुंडाळीवर टेकवला आणि डोकं हौद्याच्या तळाशी ठेवलं. आधीच्या खेपेचं पाणी आम्ही नीट निथळू दिलेलं नव्हतं. साठ किलोमीटर खड्ड्यांतून गेलो. काठावर मशीन बसवलं, दोरी ओढली. ओढली, ओढली, काही नाही. प्लग काढला तर टोकावर पाण्याचा थेंब. प्लग बाहेर ठेवून पुन्हा दोरी ओढली तेव्हा भोकातून पिचकारीसारखं पाणी उडालं. प्लग पुसला, काडी पेटवून वाळवला, थोडं तेल सोडलं, परत बसवला. चाळीस मिनिटं गेली. काठावर उभी असलेली एक म्हातारी माउली एवढा वेळ आमच्या हाताकडे बघत होती. तिच्या घरातली माणसं छपरावर होती. ती सगळी वाचली. पण ती चाळीस मिनिटं मी अजून फेडलेली नाहीत.

म्हणून आता मशीन वापरून झालं की उभं करायचं आणि सगळं पाणी गळून जाऊ द्यायचं. गाडीत ठेवताना डोक्याखाली जुनी टायरची ट्यूब, दोन्ही बाजूंनी गादीचे तुकडे, आणि दोन पट्टे आडवे. पंख्याला पोत्याचं आवरण.

आधी एकदा बोट हवा भरून जीपच्या कॅरिअरवर नेऊन पाहिलं होतं, उतरल्याबरोबर पाण्यात टाकता यावी म्हणून. चाळीसच्या वर वेग गेला की बोटीच्या नाकाखाली वारा शिरायचा आणि अख्खं कॅरिअर करकरायचं. समोरून ट्रक गेला तेव्हा पुढची दोरी तुटली. त्यानंतर बोट कायम गुंडाळूनच नेतो. चार मीटरची नाव डोक्यावर घेऊन खुल्या रस्त्यावर जायचं असेल तर तिची चारही टोकं बांधायला हवीत, आणि पुढची बाजू बंपरला खालून ओढून. घाईत तेवढं नीट होत नाही.

४:३०

पेट्रोल. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. आमच्या मशीनला लिटरमागे २० मिली. वीस लिटरला ४०० मिली. मिसळलेलं पेट्रोल महिनोन् महिने ठेवलं तर खराब होतं, म्हणून टाकी रिकामी ठेवायची आमची पद्धत होती. आता वाटतं, पावसाळ्याचे चार महिने ती भरलेली असायला हवी होती. वापरलं नाही तर महिन्याला ओतून स्कूटरमध्ये टाकायचं आणि ताजं भरायचं, एवढंच.

पहाटे साडेचारला पंपावर झोपलेल्या माणसाला उठवायचं, कॅनमध्ये द्यायला तो का-कू करतो, त्याला समजवायचं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू घट्ट बंद करायचा. तो उघडा राहिला तर वाफ गाडीत भरते. बंद कारमध्ये पेट्रोलची टाकी घेऊन कधी जाऊ नये, मागे उघडा हौदा असलेली गाडीच हवी. आणि पाण्यावर पोहोचल्यावर तोच स्क्रू आठवणीने उघडायचा, नाहीतर मशीन दहा मिनिटं चालून बंद पडतं, नेमकं धारेच्या मधोमध.

५:००

नांदेड सोडलं. मुखेड इथून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. एरवी दीड-दोन तास.

मोठी पथकं कुठून येतात तेही इथेच सांगतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, महाराष्ट्रातली बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. नांदेडपासून साडेचारशे किलोमीटर. राज्याचं दल, एसडीआरएफ, धुळे आणि नागपूरला. धुळ्याहून नांदेड चारशेच्या वर. सैन्य छत्रपती संभाजीनगरला, अडीचशेच्या वर. पावसाळ्यात काही जिल्ह्यांत तुकड्या आधीच आणून ठेवतात. कोल्हापूर, सांगली, रायगड ही नावं आपण ऐकतो. ते योग्यच आहे. पण पाणी आता जिल्ह्यांची जुनी यादी बघून येत नाही. तालुक्याच्या गावी एक बोट, एक चालू मशीन आणि ते चालवणारी चार माणसं असली तर साडेचारशे किलोमीटरांचे वीस-पंचवीस होतात. मी हे कुणावर राग धरून लिहीत नाही. रात्रभर गाडी हाकून येणाऱ्या जवानांविषयी माझ्या मनात आदरच आहे. रस्ता लांब आहे, एवढंच मला सांगायचंय.

६:४५

उजाडतं. रस्त्यावर पाणी.

पुरात बोट आधी रस्त्याने येते, आणि पुरात सगळ्यात आधी रस्ताच बुडतो. आपले ओढ्यांवरचे पूल ठेंगणे, बरेचसे नळकांडी. वरून फूटभर पाणी वाहत असलं तरी त्याखाली डांबर आहे की खड्डा हे दिसत नाही. त्याच रात्री उदगीर-देगलूर रस्त्यावर पुराच्या पाण्यात वाहनं वाहून गेली, माणसं गेली. ती माणसं नदीकडे गेली नव्हती, घरी जायला निघाली होती.

आमच्या पिकअपला मागे दीडशे किलो वजन आहे म्हणून ती जड आहे, असं ड्रायव्हरला वाटतं. पाणी तळाला लागलं की तीच गाडी तरंगायला लागते. बोट घेऊन निघालेल्यांनीच गाडीसह वाहून जायचं, असं व्हायला नको. थांबायचं. उतरून काठीने खोली बघायची. पाणी गुडघ्याच्या वर आणि धार असेल तर दुसरी वाट.

७:३०

दुसरी वाट म्हणजे मातीची. काळी माती दोनशे मिलिमीटर पावसानंतर काय होते ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. पिकअप रुतते. इथे ट्रॅक्टर लागतो आणि तो नेहमी मिळतो. मुखेडकडच्या माणसाला "बोट आहे, वर न्यायचीय" एवढं म्हणायची खोटी, तो स्वतःच्या घरात पाणी असताना ट्रॅक्टर काढतो.

सगळं सामान पुन्हा उतरवून ट्रॉलीत. मशीनचं डोकं वर. पुन्हा पट्टे.

८:१५

काठ. आता हवा भरायची.

बोटीला चार-पाच वेगवेगळे कप्पे असतात, एक फाटला तरी बाकीचे तरंगतात म्हणून. पायाने दाबायच्या भात्याने एकेक भरायचा. एकच कप्पा पूर्ण ताठ करायचा नाही, नाहीतर आतले पडदे एका बाजूला ताणतात. सगळे थोडे थोडे, मग पुन्हा सगळे पूर्ण. त्याआधी फळ्या बसवायच्या, नाहीतर नंतर त्या शिरत नाहीत. मी सवयीने अर्धा तास धरतो. शिवाय गार पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि बोट मऊ पडते, म्हणून पाण्यावर पुन्हा थोडी हवा.

काठावर येडी बाभूळ. तिचा काटा रबराला काय करतो ते एकदा बघितलं की बोट जमिनीवरून कुणी ओढत नाही, चौघे उचलूनच नेतात. पाण्याखाली आणखी एक गोष्ट असते. रानडुकरांसाठी लावलेली झटका मशीनची तार. पिकात पाणी भरलं की ती दिसत नाही आणि पंख्यात गुंडाळली जाते. म्हणून शेतावरून जाताना मशीन वर उचलून वल्ह्यानेच जायचं. सोयाबीनची झाडं पाणी ओढण्याच्या जाळीत अडकली की मशीन तापतं. मागून बारीक धार पडते आहे ना, ते एकाने सतत बघायचं.

८:५०

लाइफ जॅकेटं मोजली. बोटीत दोघे चालवणारे, सहा जण आणायचे, म्हणजे आठ हवीत. गावकऱ्यांना आधी जॅकेट, मग बोट. हा नियम मोडायचा मोह काठावर फार होतो. लोक हात पसरून उभे असतात, लेकरं पुढे करतात, "एवढ्या दोघांना घ्या" म्हणतात.

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट काठावर तयार होती. क्षमतेहून जास्त माणसं बसली आणि ती उलटली. १७ जीव गेले. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला गेलेली एसडीआरएफची बोट भोवऱ्यात उलटली. धुळ्याहून आलेले तीन जवान आणि सोबतचा एक स्थानिक माणूस गेला. शिकलेली, सराव केलेली माणसं होती ती. बंधाऱ्याखाली पाणी वरून शांत दिसतं आणि खालून परत फिरतं. तिथे पंचवीस हॉर्सपॉवर काही करू शकत नाही.

९:००

बोट पाण्यात.

फोनपासून सहा तास. यात कुणी आळस केलेला नाही, कुणी चुकलेलं नाही.

आता पुढचा हिशेब. रावणगावात २२५ माणसं अडकली होती. आमच्या बोटीत खेपेला सहा. म्हणजे अडतीस खेपा. जाऊन-येऊन, चढवून-उतरवून पंधरा मिनिटं धरली तर साडेनऊ तास, मधे पेट्रोल, मधे तार, मधे अंधार न धरता. शेवटचा माणूस संध्याकाळी साडेसहाला काठावर.

आणि हसनाळचं पाणी पहाटेचं.

सोमवार, १८ ऑगस्ट, दिवस

त्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी माहिती दिली ती अशी. रावणगावात २२५ जण अडकलेले, अत्यंत अवघड जागी असलेल्यांना बाहेर काढलं, बाकीच्यांना काढणं चालू. हसनाळमधून ८ जणांना काढलं. भासवाडीत २० जण अडकलेले, सुरक्षित. भिंगेलीत ४० जण, सुरक्षित. पाच जण बेपत्ता. एनडीआरएफचं एक पथक, सैन्याचं एक पथक आणि पोलीस मिळून काम करत होते. छत्रपती संभाजीनगरहून सैन्याची तुकडी निघाली होती. नांदेड, लातूर आणि बिदर या तिन्ही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी एकमेकांशी बोलत होते.

बेपत्ता हा शब्द सरकारी कागदात बसतो. घरात तो असा असतो की कोनाड्यात चष्मा आहे, खुंटीला पिशवी आहे, आणि माणूस कुठे ते कुणी सांगत नाही. पुढे हसनाळमध्ये मृतदेहच हाती लागले.

शुक्रवार, २२ ऑगस्ट, पोळा

दुपारी आम्ही चौघे शेडवर गेलो. बैल नाहीत आमच्याकडे कुणाकडे. किल्लीच्या तीन प्रती करून आणल्या होत्या. टाकी भरली, ऑइल मिसळलं, वर तारीख लिहिली. मशीन पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून सुरू केलं, मागून धार पडली, बंद केलं, निथळू दिलं.

मग बोट उलगडली. एकाने मोबाइलवर घड्याळ लावलं. फळ्या बसवून, पाचही कप्पे ताठ करून, मशीन मागच्या फळीला आवळेपर्यंत सव्वीस मिनिटं लागली. हवा काढली, गुंडाळली, पिकअपमध्ये चढवली, परत उतरवली, पुन्हा भरली. बावीस. बाहेर कुणाच्या तरी बैलाच्या घुंगरमाळांचा आवाज जात होता. भात्यावर दुसरा माणूस उभा राहिला, आणि आम्ही पुन्हा हवा काढली.